जुन्या येझदीचा गिअर अडतो तेव्हा

जुन्या जावा-येझदी मोटारसायकलींत किक आणि गिअरचा दांडा एकच असतो आणि गिअर टाकताना तोच दांडा क्लचही, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारा भागही, सोडवतो. म्हणून गिअर अडला की थेट गिअरबॉक्स उघडण्याची आपल्याकडील मिस्त्रींची घाई मला पटत नाही. इंजिन बंद ठेवून, गाडी मागेपुढे हलवत सगळे गिअर टाकून पाहावेत. ते तेव्हा सहज पडत असतील आणि इंजिन चालू असतानाच अडत असतील, तर संशय क्लचवर घ्यावा: त्याची केबल सैल झालेली असते किंवा त्यातील प्लेटा एकमेकींना चिकटलेल्या असतात. सोलापूरच्या मे महिन्यातील उन्हात सात रस्ता चौकात थांबल्यावर न्यूट्रल सापडत नाही, त्यामागेही बहुधा हेच कारण असते. बंद इंजिनवरही एखादाच गिअर पडत नसेल, तर मात्र सिलेक्टर फोर्क, म्हणजे गिअरबॉक्समधला गिअर सरकवणारा काटा, तपासावा.