तीस नंबरचा पहिला शनिवार

पिट्सबर्गच्या पीएनसी पार्क या बेसबॉलच्या मैदानावर मी अशरचं काम करते. तिकीट बघायचं, माणसाला जागा दाखवायची, फडक्याने खुर्ची पुसून द्यायची आणि सामना रंगात आला की नेमकी मैदानाकडे पाठ करून गर्दीवर लक्ष ठेवायचं. निवृत्तीनंतर घरात बसवेना म्हणून हे धरलं. काम सोपं, कारण एरवी निम्म्या खुर्च्या पुसायची वेळच येत नाही. आमची पायरेट्सची टीम शेवटची जगज्जेती झाली ती १९७९ साली. १९९३ ते २०१२ अशी सलग वीस वर्षं तर जिंकलेल्या सामन्यांपेक्षा हरलेलेच जास्त. लोक इथे येतात ते नदी, पूल आणि पिरोगीसाठी. (पिरोगी म्हणजे बटाट्याचं सारण भरून उकडलेली करंजी समजा. आमच्याकडे मधल्या ब्रेकमध्ये माणसं पिरोगीचे पोशाख घालून शर्यतसुद्धा लावतात.)

११ मे २०२४ ला मात्र दारं उघडायच्या आधीच रांग क्लेमेंटे पुलापर्यंत गेली होती. पोरासोरांच्या, आज्यांच्या, सगळ्यांच्या पाठीवर एकच आकडा, तीस. तो आकडा ज्याचा, तो आमचा नवा पिचर (चेंडू टाकणारा) पॉल स्कीन्स पहिल्यांदा मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये उतरणार होता, समोर शिकागो कब्ज.

हा मुलगा कॅलिफोर्नियाचा. शाळेत असताना मुख्यतः कॅचर, म्हणजे बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारा. कॉलेजसाठी गेला तो थेट हवाई दलाच्या अकादमीत. तिथे दोन वर्षं कॅचर म्हणूनही खेळायचा आणि पिचिंगही करायचा. त्या अकादमीचा नियम असा की तिसरं वर्ष सुरू केलं की पुढच्या लष्करी सेवेला बांधलेच गेलात. त्याने त्याआधी अकादमी सोडली आणि लुइझियाना स्टेटला गेला. २०२३ च्या हंगामात तिथे २०९ स्ट्राइकआउट घेतले (म्हणजे बॅटरला तीन संधींत चुकवून बाद करणं), टीमने राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं आणि जुलैच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब नवे खेळाडू निवडतात तिथे, पायरेट्सने त्याला सगळ्यात पहिला उचलला. सहीचे पैसे ९२ लाख डॉलर. दहा महिन्यांत तो आमच्या गेटवर हजर!

हा वेग किती विलक्षण आहे, ते इथे काम केल्याशिवाय नाही कळत. ड्राफ्टमध्ये नाव आलं म्हणजे फक्त शिडीच्या खालच्या पायरीवर पाय टेकला. मेजर लीगच्या आधी सिंगल-ए, डबल-ए, ट्रिपल-ए अशा खालच्या लीगच्या पायऱ्या. रात्र रात्र बसचा प्रवास, बेताचा पगार, आणि खांदा किंवा कोपर गेलं की खेळ खलास. आम्हा भारतीयांना ही शिडी थोडी ठाऊक आहे. उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, दोघेही मूळचे भालाफेकपटू, जोरात चेंडू फेकायच्या स्पर्धेतून पुढे येऊन २००८ मध्ये याच पायरेट्सशी करारबद्ध झाले होते. जुने अशर अजून मला त्यांच्याबद्दल विचारतात, जणू माझे भाचेच ते. दोघांनाही वरपर्यंत पोचता आलं नाही. रिंकू पुढे कुस्तीच्या रिंगणात गेला.

दुपारी चारच्या सुमारास स्कीन्स बुलपेनमध्ये, म्हणजे पिचरांच्या सरावाच्या कोपऱ्यात, हात मोकळा करत होता. कठड्याला माणसांचा चिकटून थर. मला तिथली वाट मोकळी ठेवायला पाठवलं होतं, त्यामुळे पाठ फिरवायचा प्रश्नच नव्हता. साडेसहा फुटांचा गडी, ओठावर जाड मिशी, चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. चेंडू हातातून सुटताना दिसतो, मग थेट कॅचरच्या ग्लव्हमधला आवाज. मधलं काही दिसतच नाही. शेजारचा एक लहान मुलगा प्रत्येक आवाजाला डोळे मिटत होता.

सामन्यात पहिले दोन्ही बॅटर स्ट्राइकआउट. मी माझ्या विभागात परतले तोवर अख्खं मैदान उभं. पुसलेल्या खुर्च्यांचा काही उपयोगच नव्हता.

त्या दिवशी त्याने ८४ चेंडू टाकले आणि त्यातले १७ ताशी शंभर मैल किंवा त्याहून वेगवान होते. आपल्या हिशोबात सांगायचं तर शंभर मैल म्हणजे जवळजवळ १६१ किलोमीटर. शोएब अख्तरच्या २००३ च्या वर्ल्डकपमधल्या ज्या चेंडूचं आपण अजून नाव काढतो, तो १६१.३ चा. इथे टप्पा नाही आणि कोपर वाकवून फेकायची मुभा आहे, तेव्हा तुलना सरळ नाही हे कबूल. पण सतरा!

चार इनिंग (म्हणजे दोन्ही टीमच्या एकेक छोट्या पाळ्या) झाल्या तेव्हा सात स्ट्राइकआउट. एक होम रन मात्र निको हर्नरने ठोकला. पाचव्यात कब्जचे दोघे बेसवर (धावेच्या वाटेवरच्या थांब्यांवर) असताना स्कीन्सला काढला, तेव्हा आम्ही ६-१ ने पुढे. लोक पुन्हा उठून उभे राहिले, त्याने टोपीही धड हलवली नाही. मग आमच्या बाकीच्या पिचरांनी जे केलं ते खास पायरेट्सचंच. भरलेल्या बेसवर वॉकवर वॉक, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला बॅट न हलवता धाव. त्यातच आभाळ फुटलं आणि खेळ दोन तासांहून जास्त थांबला. स्कीन्सने बेसवर सोडलेले दोघेही धाव पुरी करून गेले होते आणि नियमाप्रमाणे त्या धावा त्याच्याच खात्यात. डगआउटमध्ये, टीमच्या बाकावर बसून पिचरचे आकडे बिघडतात ते असे.

पावसात माझं काम मात्र दुप्पट झालं. छताखालच्या गर्दीला रेटून वाट काढायची आणि पाऊस थांबला की प्रत्येक खुर्ची पुन्हा पुसायची. एरवी अशा पावसात निम्मे लोक घरी जातात. त्या दिवशी बरेच जण थांबले, ज्याला बघायला आले होते तो आता परत येणार नाही हे माहीत असूनही. शेवटी १०-९ ने जिंकलो.

सामान्यांचं हे कौतुक चालू असताना वरच्या मजल्यावरचा हिशोब वेगळा असतो. त्याला एप्रिलमध्ये न आणता मेमध्ये का आणला? इंडियानापोलिसला ट्रिपल-एमध्ये सात सामन्यांत त्याने ४५ स्ट्राइकआउट घेतले होते, तिथे शिकायचं काय उरलं होतं? क्लबचं म्हणणं, खांदा हळूहळू तयार करत होतो. माझं मत विचाराल तर मेजर लीगमधल्या सेवाकाळाचं गणितही त्यात होतं: पोरगा उशिरा आला की तो एक वर्ष जास्त स्वस्तात राबतो. ते गणित चुकलं, ही मजा. वर्षअखेरीस तो सर्वोत्तम नवोदित ठरला आणि नियमानुसार त्याला पूर्ण वर्षाचा सेवाकाळ मिळाला.

पण हे नंतरचं. त्या रात्री सगळे निघाल्यावर माझ्या विभागातले नेहमीचे एक आजोबा पेन्सिलने स्कोअरकार्ड पुरं करत बसले होते. गेरिट कोल, २०११ च्या ड्राफ्टमध्ये आम्हीच पहिला उचललेला पिचर, क्लबने २०१८ मध्ये ह्यूस्टनला दिला, तेव्हाही ते याच खुर्चीत बसायचे. मी म्हटलं, "काय, खूश ना आज?"

"हो तर," कार्ड घडी करत ते म्हणाले. "आता याला विकणार कधी, तेवढं कळलं की झालं."