सहाव्या जागेवरचं व्हॅलिन आणि सोयाबीनची गाठ

रक्तात ऑक्सिजन वाहणारं प्रथिन म्हणजे हिमोग्लोबिन, दोन अल्फा आणि दोन बीटा साखळ्यांचं. त्यातल्या बीटा ग्लोबिनच्या साखळीत 146 अमिनो आम्लं असतात. सहाव्या जागेवर ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसलं की सिकलसेल, लाल पेशी वाकड्या होण्याचा जन्मजात आजार. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे हे बारावीच्या पोट्ट्यांना तोंडपाठ असतं. कारण पुस्तकातला हा धडा इथे घरोघरी सापडतो, कुणाच्या भावात, कुणाच्या मावसबहिणीत.

आमच्या लॅबमध्ये डीएमएलटीची (लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाची) एक मुलगी प्रॅक्टिकलसाठी यायची. तिनं एकदा मला बरोबर पेचात पकडलं. "मॅडम, एक अमिनो आम्ल बदललं तर माणूस जन्मभर दुखणं काढतो. मग अल्फा आणि बीटा साखळ्या तर एकमेकींपासून अर्ध्याहून जास्त वेगळ्या आहेत. तरी दोघी नीट काम कशा करतात?" त्या दिवशी समोर सॅम्पलचा ढीग होता, त्यामुळे अर्धंच सांगून झालं. उरलेलं इथे लिहिते. प्रश्न इतका चांगला आहे की त्याच्या उत्तरात प्रथिनांबद्दल बरंच काही येऊन जातं.

आधी टेस्टबद्दल. सिकलसेल ओळखायची सोल्युबिलिटी टेस्ट आम्ही रोज करतो: छोट्या नळीत डायथायोनाइटचं बफर, त्यात थोडंसं रक्त, पाच मिनिटं थांबायचं आणि नळीमागे काळ्या रेघा मारलेला कागद धरायचा. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह. नळी गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. यात डायथायोनाइटचं काम एकच, हिमोग्लोबिनकडचा ऑक्सिजन काढून घेणं. म्हणजे ऑक्सिजन असेपर्यंत एस हिमोग्लोबिन (ते व्हॅलिनवालं) गपगुमान विरघळलेलं असतं, आणि ऑक्सिजन गेला की एकमेकांना चिकटून त्याचे धागे होतात. लांबलचक, 14 पदरी धागे. रक्तपेशीत हेच झालं की पेशी कोयत्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिनीत अडकते, आणि मग रात्री दोन वाजता कुणीतरी हाडं ठणकतात म्हणून कॅज्युअल्टीत येतं.

लोकांना वाटतं एस हिमोग्लोबिन हे बिघडलेलं प्रथिन आहे. मला हे मान्य नाही. त्याची घडी सुट्या रूपात जवळपास जशीच्या तशी असते, चार साखळ्या एकत्र येतात, प्रत्येकीत हीम असतं, हीममधलं लोह ऑक्सिजन उचलतं आणि सोडतं. घोळ फक्त बाहेरच्या पृष्ठभागावर आहे. ग्लुटामिक आम्ल ऋणभारित असतं आणि पाण्यात रमतं. व्हॅलिनला पाणी नको असतं, त्यामुळे ते लपायला जागा शोधतं. आणि ऑक्सिजन सुटल्यावर बीटा साखळीचा आकार थोडा बदलतो तेव्हा 85 वं फेनिलॅलनिन आणि 88 वं ल्युसिन यांच्यामध्ये एक खळगा उघडा पडतो. शेजारच्या रेणूचं व्हॅलिन त्यात जाऊन बसतं. टिचबटणासारखं, एका रेणूचा उंचवटा दुसऱ्याच्या खळग्यात. हा खळगा तुमच्या-माझ्या हिमोग्लोबिनमध्येही आहे बरं का. त्यात बसणारा उंचवटा तेवढा आपल्याकडे नाही.

ही गोष्ट उलगडायला बराच काळ लागला. शिकागोच्या हेरिक यांनी वाकड्या पेशींचं वर्णन छापलं ते 1910 मध्ये. 1949 मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की विजेच्या क्षेत्रात या रुग्णांचं हिमोग्लोबिन वेगळ्या गतीनं सरकतं, म्हणजे दोष रेणूतच आहे. आणि 1956-57 मध्ये केंब्रिजला व्हर्नन इन्ग्रम यांनी हिमोग्लोबिनचे तुकडे पाडून नेमकं कोणतं अमिनो आम्ल बदललंय ते शोधलं. पॉलिंग यांचं तत्त्व आमच्याकडे वर्षानुवर्षं टेबलावर होतं: सेल्युलोज ॲसिटेटची पट्टी, 8.6 पीएचचं बफर, वरून पॉन्सोचा लाल रंग. एक ऋणभार गेला म्हणून एसची रेघ एच्या, म्हणजे नेहमीच्या हिमोग्लोबिनच्या, मागे राहते. वाहकाच्या (एकाच पालकाकडून एस आलेल्याच्या) पट्टीवर दोन रेघा दिसतात. आता हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारं एचपीएलसी यंत्र आलं, आलेख कागदावर छापून मिळतो, काम पटापट होतं. तरी ती पट्टी बघण्यात जी मजा होती ती आलेखात नाही.

त्या पट्टीवर एक जण हमखास फसवतो, तो म्हणजे डी-पंजाब, हिमोग्लोबिनचाच आणखी एक बदललेला प्रकार. तो बरोबर एसच्याच जागी थांबतो, कारण त्यातही ग्लुटामिक आम्लच गेलेलं असतं, पण 121 व्या जागेवरचं, आणि त्याच्याऐवजी आलेलं असतं ग्लुटामिन. सोल्युबिलिटी लावली की निगेटिव्ह. नुसता डी असलेला माणूस आयुष्यभर ठणठणीत. बदल एकच, गमावलेला भारही तेवढाच, फक्त जागा वेगळी. मात्र आईबापांपैकी एकाकडून एस आणि दुसऱ्याकडून डी आला तर एसएससारखाच (दोघांकडून एस आल्यासारखाच) आजार होतो, कारण 121 वी जागाही त्या धाग्याच्या जोडावरच येते. आणि सहाव्याच जागेवर ग्लुटामिक जाऊन व्हॅलिन न येता लायसिन आलं तर? त्याला सी हिमोग्लोबिन म्हणतात. त्यानं पेशी कोयत्यासारखी होत नाही. लायसिनही पाण्यात रमणारंच, त्याला खळग्यात शिरायची गरजच नाही. सांगायचा मुद्दा असा की किती बदललं हा प्रश्नच कच्चा आहे. कुठे बदललं आणि काय आलं, हे बघावं लागतं.

प्रथिन तयार होताना बघायचं असेल तर मी रेटिक काउंट, म्हणजे नव्या लाल पेशींची मोजणी, करताना बघा म्हणते. नव्या कोवळ्या लाल पेशीत केंद्रक नसतं, पण रायबोसोम अजून शिल्लक असतात. रक्तात न्यू मिथिलीन ब्लू मिसळून थोडा वेळ 37 अंशांवर ठेवलं आणि स्मिअर काढला की काही पेशींत निळी जाळी दिसते. ती जाळी म्हणजे रायबोसोममधलं आरएनए, डाईनं एका जागी गोळा केलेलं. ग्लोबिन विणणारी यंत्रं ती हीच. संदेशवाहक आरएनएवरची तीन-तीन अक्षरं वाचायची आणि एकेक अमिनो आम्ल जोडत जायचं. जीएजी असलं की ग्लुटामिक, जीयूजी असलं की व्हॅलिन. सेकंदाला पाचेक जोडली जातात, म्हणजे बीटाची अख्खी साखळी अर्ध्या मिनिटाच्या आसपास तयार. अशानं एका पेशीत सुमारे 27 कोटी हिमोग्लोबिन भरतात आणि एकदोन दिवसांत ही यंत्रं नाहीशी होतात. नॉर्मल माणसात अशा जाळीवाल्या पेशी शंभरात एक-दोन असतात. एसएसच्या स्लाइडवर दहा-बारा सहज मिळतात, कारण 120 दिवस टिकणारी पेशी त्यांच्यात दहा-वीस दिवसांतच मोडते आणि मज्जेला दम म्हणून घेता येत नाही.

साखळी तयार झाली की घडी पडते. त्यासाठी वेगळा नकाशा लागत नाही. अमिनो आम्लांचा क्रमच घडी ठरवतो, हे ॲनफिन्सन यांनी रायबोन्युक्लिएज नावाचं प्रथिन उलगडून पुन्हा घडी पाडून दाखवलं (1972 चं नोबेल). पाणी टाळणारी आत, पाण्यात रमणारी बाहेर. साखळी कुठे वळू शकते आणि कुठे अणू एकमेकांवर आदळतात याचा हिशोब मद्रासला जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1963 मध्ये मांडला. जगभर आजही प्रथिनाची रचना तपासताना पहिल्यांदा 'रामचंद्रन प्लॉट'च काढतात. बी.एस्सी.ला आम्ही तो नुसता घोकला होता. फार नंतर लक्षात आलं की ग्लोबिनचे बहुतेक बिंदू त्यात एकाच कोपऱ्यात का गर्दी करतात. कारण ग्लोबिनचा तीन चतुर्थांश भाग अल्फा हेलिक्सचाच, म्हणजे स्प्रिंगसारख्या वेटोळ्यांचाच आहे, बीटात असे आठ.

आता त्या मुलीच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग. केंब्रिजला जॉन केंड्रू यांनी 1958 मध्ये स्पर्म व्हेलच्या स्नायूतल्या मायोग्लोबिनचा (ऑक्सिजन धरणाऱ्या एका साखळीच्या प्रथिनाचा) पहिला ओबडधोबड आकार काढला. मॅक्स पेरुत्झ 1937 पासून घोड्याच्या हिमोग्लोबिनमागे लागले होते. त्यांचा आकार 1960 मध्ये छापून आला. दोन्ही शेजारी ठेवले तर काय, घोड्याच्या चारही साखळ्यांची वळणं व्हेलच्या त्या एका साखळीसारखीच! एक पाण्यातला, एक जमिनीवरचा, एक स्नायूतलं, एक रक्तातलं. दोघांना 1962 चं नोबेल मिळालं. अमिनो आम्लं एकेक करून ताडली तर मायोग्लोबिन आणि बीटा यांच्यात चारातलं एक जेमतेम जुळतं. घडी मात्र तीच.

आणि याहून लांबचा नातेवाईक आमच्या वावरात आहे. बाबा वरोऱ्याकडे सोयाबीन पेरतात. पीक महिना-सव्वा महिन्याचं झालं की ते एखादं झाड मुळासकट उपटतात, मुळावरची गाठ नखानं फोडतात आणि आत बघतात. "लाल निघाली म्हणजे काम चालू हाय." पांढरी किंवा हिरवट निघाली तर रायझोबियम (हवेतलं नत्र पकडणारे जिवाणू) लावूनही उपयोग झाला नाही असं समजायचं. तो लालसर रंग लेगहिमोग्लोबिनचा. जपानच्या कुबो यांनी 1939 मध्ये ते हिमोग्लोबिनच्या जातीचं असल्याचं ओळखलं. गाठीतल्या जिवाणूंना श्वासाला ऑक्सिजन हवा असतो, पण नत्र पकडणाऱ्या त्यांच्या विकराला मोकळा ऑक्सिजन अजिबात चालत नाही. म्हणून झाड स्वतःच्या जनुकातून हे प्रथिन बनवतं आणि ऑक्सिजन धरून ठेवून बेतानं पोचवतं. माणसाच्या बीटाशी ताडलं तर शंभरातली ऐंशीच्या आसपास अमिनो आम्लं वेगळी. तरीही तीच वळणं, मध्ये तेच हीम, आणि हीमच्या लोहाला धरणारं तेच हिस्टिडिन. झाड आणि आपण वेगळे झालो त्याला शंभर कोटींहून जास्त वर्षं झाली. एवढ्या काळात बाकीचं सगळं झिजलं, बदललं, पण त्या हिस्टिडिनला हात लागला नाही. लागला असेलही, पण तसं पिल्लू जगलं नाही, तशी गाठ लाल झाली नाही.

या फरकांवरून काळ मोजता येईल असं झुकरकांडल आणि पॉलिंग यांनी 1962 मध्ये मांडलं. माणूस आणि घोडा यांच्या अल्फा साखळ्यांत 18 ठिकाणी फरक. माणूस आणि गोरिला यांच्या बीटात एक. चिंपांझीच्या बीटात शून्य, म्हणजे तो रक्तानं आपला सख्खाच. हे बदल बहुतेक अशा जागांवर होतात जिथे काय आलं याचं प्रथिनाला फारसं सोयरसुतक नसतं. आणि आपल्याच पेशीत भाऊबंद आहेत: जुन्या एका जनुकाची प्रत निघाली, दोन्ही प्रती आपापल्या वाटेनं बदलत गेल्या, अशी अल्फा-बीटाची फारकत सुमारे 45 ते 50 कोटी वर्षांपूर्वीची. पुढे बीटाच्या घरातही वाटण्या झाल्या. 11 व्या गुणसूत्रावर एप्सिलॉन, दोन गॅमा, डेल्टा आणि बीटा एका रांगेत बसलेत, मध्ये एक मेलेली प्रतही आहे. एचपीएलसीच्या रिपोर्टवर ए2 हिमोग्लोबिनचा जो दोन-तीन टक्क्यांचा आकडा येतो ना, ती डेल्टाची कमाई. तिच्यात आणि बीटात फक्त 10 जागी फरक.

यातली गॅमा आमच्या रोजच्या कामाची. आया विचारतात, "ताई, पोरगं सहा महिने चांगलं होतं, मग अचानक हातपाय कशे सुजले?" पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन अल्फा आणि गॅमाचं असतं. बीटा जन्मानंतर हळूहळू ताबा घेते, आणि तिच्यासोबत एसही येतो. म्हणून अगदी तान्ह्या बाळाची सोल्युबिलिटी आम्ही करत नाही, एसएस असूनही निगेटिव्ह येऊ शकते. गॅमाचं सहावं अमिनो आम्ल ग्लुटामिकच आहे, आणि शिवाय 87 व्या जागेवर, म्हणजे बरोबर त्या खळग्याच्या तोंडाशी, बीटातल्या थ्रिओनिनऐवजी ग्लुटामिन बसलंय. त्यामुळे ज्या रेणूत गॅमा असते तो धाग्यात नीट गुंफलाच जात नाही. पाच घरं पलीकडे 92 व्या जागेवर ते हात न लागलेलं हिस्टिडिन. एवढ्याशा अंतरात एक जागा शंभर कोटी वर्षं जशीच्या तशी, आणि दुसरी बदलली म्हणून पोरं वाचतात.

आपल्याकडच्या रुग्णांत गॅमा मुळातच थोडी जास्त चालू राहते, एफ (गॅमावालं, बाळाचं हिमोग्लोबिन) बऱ्याचदा 15-20 टक्क्यांच्या घरात असतो, म्हणून आफ्रिकेतल्या बहुतेक रुग्णांपेक्षा आजार थोडा सौम्य. थोडाच, हे लक्षात ठेवा. 'आपल्याकडचा सिकलसेल साधा असतो' असं म्हणून अंगावर काढणारे पुष्कळ बघितलेत. 2023 च्या शेवटी ब्रिटन आणि अमेरिकेनं जनुक कापून गॅमा पुन्हा चालू करणाऱ्या उपचाराला मान्यता दिली. अमेरिकेत किंमत 22 लाख डॉलर. इथे तेच काम हायड्रॉक्सियुरियाच्या कॅप्सूलवर भागतं, तीही एफ वाढवते, आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. रोज घ्यावी लागते, मधूनमधून सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी, करायला यावं लागतं. त्या कॅप्सूलनं लाल पेशी आकारानं मोठ्या होतात, सीबीसीत एमसीव्हीचा (पेशीच्या सरासरी आकाराचा) आकडा वर चढतो. तीन महिन्यांनी एखादी पोरगी येते, एमसीव्ही जिथल्या तिथे, एफही तेवढाच. मी विचारते, "गोळी घेतेस ना गं?" ती आईकडे बघते, आई माझ्याकडे, आणि मग कळतं की डबा गावाला मामाकडेच राहिला आहे.