सोंडेवर आयकॉन नको

हार्ड डिस्क जायला टेकली की आवाज करते. टक्, थोडं थांबून परत टक्. आतलं हेड चकतीवर जागा शोधत असतं, सापडेना की मागे येतं आणि पुन्हा जातं. बाहेर बसलेल्या माणसाला मात्र एवढंच कळतं की मशीन स्लो झालंय, आणि आपल्याकडे स्लो मशीनवर उपाय एकच, फॉरमॅट मारा. आमच्या मामाच्या मशीनचं तसंच झालं तेव्हा तोही तेच म्हणाला, "विंडोज टाकून दे की रे नवं, आणि जेवूनच जा."

अशा डिस्कवर विंडोज टाकणं हा शुद्ध वेडेपणा, पण त्याहून घातक म्हणजे सुरू होताना आपणहून उगवणारं ते चेकडिस्क. दुरुस्त करतो म्हणत ते डिस्क उलटीपालटी करतं आणि तिची उरलीसुरली हयात त्यातच संपून जाऊ शकते. आधी कॉपी, मग बाकीचं सगळं. त्यामुळे विंडोज चालूच करायचं नाही, पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी दुसरी सिस्टीम, बूट करायचं, शेजारी मोठी एक्सटर्नल डिस्क लावायची आणि डीडीरेस्क्यू सोडून द्यायचा. हा प्रोग्रॅम मला मनापासून आवडतो. हुशार पोरं पेपर सोडवतात तसा चालतो, सोपं ते आधी भराभर उतरवून घ्यायचं, अडलं की तिथं डोकं आपटत न बसता पुढं जायचं, आणि राहिलेल्याकडे शेवटी परत यायचं. शिवाय कुठवर आलो ते मॅपफाइलमध्ये लिहून ठेवतो, म्हणजे मध्येच लाइट गेली तरी पहिल्यापासून नको. फक्त वेळ लागतो, आणि त्या वेळात घरातले लोक येऊन सूचना देतात.

मामा म्हणाला, "डी ड्राइव्ह तेवढा वाचव, सीमध्ये काय, विंडोजच असतं." मामी आतून म्हणाली, "माझ्या फोटोंचं बघ रे, त्यांच्या सोसायटीचं मरू दे."

सीमध्ये विंडोजच असतं हा समज इतका पक्का आहे की त्यापायी किती घरांची फोटोंची दौलत फॉरमॅट झाली असेल देव जाणे. डेस्कटॉप कुठं असतो? सीमध्येच, युजर्सच्या फोल्डरात. डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, सगळं तिथंच, आणि माणूस सगळ्यात कामाची गोष्ट ठेवतो ती डेस्कटॉपवरच, 'न्यू फोल्डर'मध्ये, त्याच्या आत अजून एक 'न्यू फोल्डर'. मामीचे फोटो तिथंच निघाले. फॉन्टही सीमध्येच. सोसायटीची जुनी मिनिट्स आणि ताईच्या लग्नाची पत्रिका श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या जुन्या सॉफ्टवेअरमधल्या फॉन्टमधली, म्हणजे फाइलमध्ये मराठी नाहीच, वेगळीच चिन्हं, आणि त्यांना मराठीचं रूप देतो तो फॉन्ट. तो नसला तर फाइल धडधाकट असून 'चि. सौ. कां.'च्या जागी कंस आणि डॉलर दिसतात. फाइलमध्ये मराठी मराठीच म्हणून ठेवणाऱ्या युनिकोडवाल्यांना हे दुःख कळायचं नाही.

विंडोज टाकणं हा त्या मानाने अगदीच किरकोळ भाग. मशीनला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही, त्यामुळे विंडोज ११ रीतसर बसत नाही. मिंट दाखवलं तर मामाने बराच वेळ बघून "स्टार्ट कुठाय?" एवढंच विचारलं. मग नवी एसएसडी लावून विंडोज १०च. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, पण नाव नोंदवलं की ऑक्टोबर २०२६पर्यंत सिक्युरिटी अपडेट मिळतात, तेवढी सोय केली. डिस्क बदलली तरी लायसन मदरबोर्डाशी जोडलेलं असतं, म्हणून लायसनची की वगैरे शोधावी लागली नाही.

तर सगळं आलं. फोटो, मिनिट्स, पत्रिका. मामा खुर्चीत बसला, स्क्रीन बघितली आणि म्हणाला, "माझं काहीच नाही की रे यात."

वॉलपेपर नव्हता. तो गणपती कुणीतरी कधीतरी पाठवलेला, मूळ फाइल केव्हाच डिलीट झालेली. पण विंडोज वॉलपेपरची एक कॉपी आपल्याकडे ठेवतं, अ‍ॅपडेटाच्या पोटात, थीम्स नावाच्या फोल्डरात, ट्रान्सकोडेडवॉलपेपर नावानं, आणि तिला एक्स्टेन्शनच नसतं, म्हणून ती कुणाच्या नजरेत येत नाही. पुढं डॉट जेपीजी लावलं की उघडते. जुन्या कॉपीतून ती काढली, लावली. गणपती आले. आयकॉन मात्र डावीकडे एकाखाली एक रांगेत. ते कुठं कुठं होते हे रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीत असतं आणि ते उकरत बसायची माझी तयारी नव्हती, आणि खरं सांगायचं तर इतकी वर्षं मला कळलंच नव्हतं की मामाचे आयकॉन असे इकडंतिकडं का विखुरलेले असायचे. मला वाटायचं माणूस गबाळा आहे. मामाने चष्मा पुसला, माउस माझ्या हातातून घेतला आणि एकेक आयकॉन ओढायला लागला. मुकुटावर काही नको, डोळ्यांवर नको, एक्सेल मोदकाच्या बाजूला, रिसायकल बिन पार खालच्या कोपऱ्यात पायांपासून लांब. मध्येच कॅल्क्युलेटर सोंडेवर जाऊन बसला तर मलाच ओरडला, "अरे ते आपोआप रांगेत बसवायचं बंद कर आधी!"

व्ह्यूमध्ये जाऊन 'अलाइन आयकॉन्स टू ग्रिड'ची टिक काढून दिली. मामी म्हणाली, आता जेवायला चला, तर म्हणे थांब, उंदीर राहिलाय.