तुम्ही विचारलंत म्हणून: तिचा र एवढा फ्रेंच होता, मग नंबर का नाही आला?

दरवर्षी थंडी पडली की शाळांच्या फ्रेंच गाण्यांच्या स्पर्धा होतात, मी तिथे परीक्षक असते, आणि हा प्रश्न येतो, शब्द थोडे इकडचे तिकडे. यंदा नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका शाळेच्या पार्किंगमध्ये आला. मी पर्समध्ये स्कूटीची चावी शोधत होते तेवढ्यात एक आई आल्या, म्हणाल्या मॅडम, आम्हाला फ्रेंचमधलं ओ की ठो कळत नाही, पण हिचा र एकदम फ्रेंच आहे असं सगळे म्हणतात, दोन महिने पाण्याच्या गुळण्या करून करून बसवलाय तो, मग नंबर कसा नाही आला? मुलगी मागे उभी, सहावीतली, डोक्यावर लाल बेरे टोपी, आणि आईने गप्प बसावं असा चेहरा. मी काहीतरी गुळमुळीत बोलले, छान गायली हो, चुरस होती वगैरे, आणि सटकले. खरं उत्तर लांबलचक आहे, आणि त्यात माझी स्वतःची एक चूकही आहे.

आधी सांगते, मी गाणारी नाही. कॉलेज रोडला फ्रेंचच्या शिकवण्या घेते, लहानपणी पेटीच्या दोन परीक्षा दिल्या आणि मग पेटी माळ्यावर गेली ती गेलीच. या स्पर्धांना परीक्षक दोन असतात, एक मी आणि दुसरे संगीतवाले सर, त्यांना फ्रेंच येत नाही आणि मला सम कुठे आली ते सांगावं लागतं, दोघं मिळून एक अख्खा परीक्षक होतो. कागदावर सूर 10, ताल 10, उच्चार 10, सादरीकरण 10. सादरीकरण म्हणजे थर्माकोलचा आयफेल टॉवर, त्याबद्दल मी काही बोलत नाही. आणि निम्म्या शाळा 'शाँझेलिझे' हे गाणं घेऊन येतात, 'जो दासँ' या गायकाचं, 1969 चं, ज्याची चाल मुळात एका इंग्लिश गाण्याची आहे हे सांगितलं की फ्रेंच टीचर्सचे चेहरे पडतात.

तर र. फ्रेंच म्हटलं की लोकांच्या डोक्यात पहिला येतो तो घशातला र. मलाही तसंच वाटायचं. सुरुवातीच्या वर्षांत एक नववीतली मुलगी आली होती, घरी शास्त्रीय शिकणारी, तिने बिझेच्या 'कार्मेन' या ऑपेरातलं, म्हणजे तिकडच्या संगीत नाटकातलं, 'हाबानेरा' हे गाणं घेतलं, लामूर एतँन्वाझो रबेल, म्हणजे प्रेम हे बंडखोर पाखरू आहे, आणि ती सगळे र आपल्या राम मधल्या रसारखे, जिभेच्या टोकाने, टणटणीत. मी उच्चाराचे सरळ चार मार्क कापले. सर म्हणाले आवाज काय लागलाय पोरीचा, मी म्हटलं सर, र बघा ना. रात्री घरी आल्यावर चैन पडेना म्हणून यूट्यूबवर ऑपेरा गायिकांनी गायलेलं तेच गाणं लावलं. एक ऐकलं, दुसरं ऐकलं, तिसरं ऐकलं, तिघींचा र जिभेच्या टोकाचा! ऑपेरात, तिकडच्या शास्त्रीय गाण्यात, फ्रेंच र असाच म्हणायची पद्धत आहे, बोलताना घशात आणि गाताना पुढे, कारण घशातला र आवाज मागे ओढतो आणि माइकशिवाय थिएटरच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं असतं. 1875 साली पॅरिसमध्ये हे पहिल्यांदा रंगमंचावर आलं तेव्हा माइक कुठला. त्या मुलीचा दुसरा नंबर माझ्यामुळे हुकला, आणि तिचं नावही मी विचारून ठेवलं नव्हतं.

तेव्हापासून र कुठलाही चालतो. पॉप गाण्यात घशातला आला तर बरं वाटतं, नाही आला तरी मार्क जात नाही.

मग मार्क जातो कशात? स्वरांत. आपल्याकडे सा रे ग म ला स्वर म्हणतात आणि अ आ इ ई लाही स्वरच म्हणतात, आणि गाणारा तान घेतो ती आकारात घेतो, व्यंजनावर कोणी तान घेतं का? र हा येतो आणि जातो, लांबतो तो स्वर, म्हणून तो चुकला की अख्ख्या हॉलला दोन मात्रा चुकीचं ऐकावं लागतं.

आता पार्किंगमधली मुलगी. ती गायली 'ओ क्लेर द ला ल्यून', तिकडचं बालगीत, चंद्राच्या उजेडात एकजण पिएरो नावाच्या मित्राकडे लिहायला लेखणी मागतो, मेणबत्ती विझलीय, दार उघड म्हणतो. (याच गाण्याच्या एका ओळीचं 1860 सालचं ध्वनिमुद्रण आहे, काजळी लावलेल्या कागदावर नुसत्या रेघा, ते ऐकता आलं थेट 2008 मध्ये.) गाण्यात क्लेर, पिएरो, मोर्त, पोर्त असे र भरपूर, आणि पोरीने प्रत्येक र घशातून असा काढला की पहिल्या रांगेतल्या आज्या दचकल्या. पण ल्यूनचं केलं लून आणि प्ल्यूमचं केलं प्लूम. तो उ आपल्याकडे नाहीच, ओठ ऊ म्हणताना करतो तसे करायचे आणि आतून ई म्हणायचं, शिट्टी मारण्याआधी तोंड होतं तसं. क्षुल्लक वाटेल, पण फ्रेंचमध्ये 'वर' आणि 'खाली' या दोन शब्दांत फरक एवढ्या एका स्वराचाच आहे, चुकलात की आकाश पायाखाली. अनुनासिकांचं तेच. वारा आणि वाईन, नाकातला आ आणि नाकातला ॲ, एवढाच फरक, दरवर्षी कोणीतरी वाऱ्याऐवजी वाईन वाहवतं, पण नाशिक असल्यामुळे कोणी हरकत घेत नाही. आपण रंग म्हणताना शेवटी जीभ लावून बंद करतो ना, तशी सवय असल्यामुळे पोरं शाँसाँ, म्हणजे गाणं, त्याचं शान्सॉन्ग करतात आणि लांबवायचा सूर तिथेच गप्पकन मिटतो. मालवणी आजी असलेल्या मुलांना हे फुकटात येतं असं माझं निरीक्षण आहे, खंय म्हणणाऱ्यांना नाक वेगळं शिकवावं लागत नाही.

आणि शेवटचा अ. ल्यून बोलताना एकच ठोका, पण गाताना ल्यू-न, दोन सूर, न पूर्ण. मोर-त, पोर-त तसंच, हाबानेरातलं रबेल पण रबे-ल. लिहिलेला, बोलताना गिळलेला तो अ गाण्यात परत जिवंत होतो. मुलं बोलायचं फ्रेंच शिकलेली असतात म्हणून तो गिळतात आणि मग उरलेला सूर न् न् करत भरून काढतात, मधमाशी अडकल्यासारखा. या मुलीने चारही ठिकाणी तेच केलं. हे मी वर्गात शिकवते ते मनाच्या श्लोकांवरून. समर्थांनी बारा वर्षं तप केलं ते टाकळी आपल्याच नाशकात, पण श्लोक घेते ते त्यासाठी नाही, अक्षरांच्या हिशोबासाठी. 'गणाधीश जो ईश', बोलताना आपण गणाधीश्, ईश् असं श अर्धा टाकून मोकळे होतो, श्लोक म्हणताना श पूर्ण म्हणावाच लागतो, नाहीतर त्याचं वृत्त, भुजंगप्रयात, लंगडतं. हे कोणी शिकवलेलं नसतं, आजीबरोबर म्हणून म्हणून येतं. एकदा श म्हणून दाखवला की पोरं ल्यू-न लगेच म्हणतात, दोन मिनिटांचं काम आहे, गुळण्या दोन महिने.

म्हणून तिला उच्चाराचे 5 दिले. सुराचे सरांनी 8 दिले होते, आवाज गोडच आहे तिचा. तिच्या आईंना सांगा कोणी ओळखत असेल तर, र आहे तसा राहू द्या.

बाकी आयोजकांकडे मी यंदा लेखी मागणी केली की मार्कांच्या कागदावर 'उच्चार (विशेषतः र)' असं छापलंय त्यातलं कंसातलं काढा. म्हणाले मॅडम, पुढच्या तीन वर्षांचे छापून झालेत.