तुम्ही विचारलंत म्हणून: मधुमेहात दोनदाच जेवावे का, आणि उपवास करावा का?

कोथरूडमध्ये आहारसल्ल्याचे काम करताना मला हा प्रश्न हमखास विचारला जातो. वजन जास्त आहे आणि मधुमेहही आहे, तर डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात तसे दिवसातून दोनदाच जेवावे, की दर दोन-तीन तासांनी थोडे थोडे खावे? आणि उपवास धरला तर साखर उतरेल का? विचारणाऱ्याला तासांचा आकडा हवा असतो. मी मात्र आधी डॉक्टरांची चिठ्ठी मागते, कारण उत्तर घड्याळापेक्षा गोळ्यांवर अधिक अवलंबून असते.

नुसते मेटफॉर्मिन घेणाऱ्याने एखादे जेवण टाळले, तर साखर सहसा धोकादायकरीत्या उतरत नाही. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड ही गोळी मात्र पोटात अन्न असो वा नसो, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, त्यामुळे उपाशी राहिल्यास साखर फार उतरण्याचा धोका असतो. इन्सुलिनचे इंजेक्शन घेणाऱ्याला तर हा धोका आहेच. डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. त्या चालू असताना लांबलचक उपवास केला आणि पाणीही कमी प्यायले, तर चरबी जळताना तयार होणारे कीटोन रक्तात साचून रक्ताची आम्लता वाढू शकते, आणि साखर फारशी वाढलेली नसल्याने हा प्रकार लक्षात यायला उशीर होतो.

माझ्याकडे येणाऱ्या एका निवृत्त काकांनी संकष्टीला सकाळी सवयीने ग्लिमेपिराइड घेतली आणि दिवस चहावर काढला. संध्याकाळी सारसबागेच्या गणपतीच्या रांगेत त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. मुलीच्या पर्समध्ये ग्लुकोमीटर होता. त्यावर आकडा आला 58. साखर 70 च्या खाली गेली की ती कमी झाली असे मानतात. मुलीने तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले, हे अगदी योग्य केले. नंतर त्यांच्या डॉक्टरांनी उपवासाच्या दिवसाचा डोस वेगळा लिहून दिला. काकांची संकष्टी आजही चालू आहे.

आता वेळेविषयी. प्राग येथे झालेल्या आणि 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात टाइप 2 मधुमेहाच्या 54 रुग्णांना तेवढेच उष्मांक एकदा सहा छोट्या खाण्यांत आणि एकदा दोन जेवणांत, प्रत्येकी बारा आठवडे दिले गेले. दोन जेवणांच्या काळात वजन सरासरी 3.7 किलोने उतरले, सहा खाण्यांच्या काळात 2.3 किलोने. हा निष्कर्ष आपल्याकडे आनंदाने सांगितला जातो, पण ती दोन जेवणे म्हणजे सकाळची न्याहारी आणि दुपारचे जेवण होते, हे सांगायचे राहून जाते. पुण्यात 'दोनदा' म्हणजे बहुधा दुपारी एक आणि रात्री साडेनऊ. सकाळी इन्सुलिनचे काम बरे चालते आणि रात्री मंदावते, त्यामुळे तीच भाकरी रात्री साखर अधिक चढवते. हिंजवडीहून कंपनीच्या बसने नऊला घरी पोहोचणाऱ्यांना मी रात्रीचा डबा सोबत न्यायला आणि सातच्या सुमारास ऑफिसातच जेवायला सांगते. घरचे रुसतात, पण साखर ऐकते.

शिकागो येथील 2023 च्या अभ्यासात स्थूल मधुमेहींनी सहा महिने दुपारी बारा ते रात्री आठ एवढ्याच वेळात खाल्ले. त्यांचे वजन उतरले, पण तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारे एचबीएवनसी त्यांच्यात जेवढे घटले, जवळपास तेवढेच ते उष्मांक मोजून खाणाऱ्यांतही घटले. माझ्या मते फायदा मुख्यतः एकूण खाणे घटल्याचा आहे. वेळ आखून घेतली की टीव्हीपुढची बाकरवडी आणि झोपण्याआधीचे दूध-बिस्किट आपोआप सुटते. ज्याला हिशेब ठेवण्याचा कंटाळा आहे, त्याला हा मार्ग सोपा पडतो, एवढेच त्याचे मोठेपण.

आपल्या उपवासांचे गणित मात्र नेमके उलटे आहे. 'एकादशी दुप्पट खाशी' ही म्हण उगीच पडलेली नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. त्यात बटाटा, वर तूप, आणि शेजारी रताळ्याचा गोड कीस. शेंगदाण्याच्या कुटाने साखर थोडी सावकाश चढते, पण बशीभर खिचडीपुढे त्याचे काय चालणार? संकष्टीला तर चंद्रोदय होईपर्यंत नऊ वाजतात, आणि मग वरणभात, मोदक खाऊन माणूस लगेच झोपतो. ज्यांना श्रद्धेने उपवास करायचाच आहे, त्यांना मी राजगिऱ्याची भाकरी, दही, काकडीची कोशिंबीर आणि थोड्या वरीच्या भातावर दाण्याची आमटी सुचवते. गर्भवती, मूत्रपिंडाचा विकार असलेले आणि टाइप 1 मधुमेही यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातले काहीही करू नये.

कोंढव्यातून रमजानसाठी सल्ला घ्यायला येणाऱ्यांना मी महिना-दोन महिने आधीच डॉक्टरांची भेट घ्यायला सांगते, म्हणजे औषधांच्या वेळा बदलून पाहायला अवधी मिळतो. बोट टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, आणि साखर 70 च्या खाली गेली तर तो तिथेच सोडायचा, हेही त्यांना घरच्यांसमोर सांगते.