पसंतीक्रम भरण्याआधी दापोली बघून जा

बारावी आणि सीईटीचे निकाल लागले की कृषी पदवीच्या प्रवेशाची धांदल सुरू होते. राहुरी, अकोला, परभणी, दापोली ही चार कृषी विद्यापीठांची नावं मुलांना तोंडपाठ असतात, पण बहुतेकांना ती कटऑफच्या आकड्यांवरूनच माहीत. मी दापोलीला, डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठात, बी.एस्सी. अ‍ॅग्रीच्या शेवटच्या वर्षाला होते, तेव्हा आम्ही काही जणांनी ठरवलं, की चौकशीला येणाऱ्या मुलांना आणि पालकांना कॅम्पस आपणच फिरवून दाखवायचा. दरवर्षी पहिल्या सत्रात काही मुलं खचतात. पाऊस थांबत नाही, कपडे वाळत नाहीत, मराठी माध्यमातून आलेल्यांना सगळे विषय एकदम इंग्रजीतून झेपत नाहीत. हे आधी कुणी सांगितलं असतं तर मनाची तयारी करून आलो असतो, असं त्यांच्याच तोंडून ऐकलं होतं.

सरांनी परवानगी लगेच दिली. रोपवाटिकेत आणि फार्मवर कुठे न्यायचं, कुठल्या प्रयोगाच्या प्लॉटमध्ये पाय ठेवायचा नाही, एवढं त्यांनी बजावून सांगितलं. वाद झाला तो आमच्या आमच्यात. काहींना सभागृहात बसवून इमारतींचे फोटो आणि नोकऱ्यांची माहिती पडद्यावर दाखवायची होती. माझं म्हणणं होतं, इमारती आत येतानाच दिसतात. या मुलांना चार वर्षं हाताने काय करावं लागणार ते दाखवू. शेवटी सभागृहात थोडा वेळ आणि बाकी सगळं बाहेर, असं ठरलं.

सभागृहात मी मोजकंच बोलले. विद्यापीठाची स्थापना १८ मे १९७२ ची, पण इथलं कृषी महाविद्यालय त्याच्याही आधीचं, १९६५ पासूनचं. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून झालेला रत्ना आंबा १९८१ साली आला, तो वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातून, आणि ते केंद्र याच विद्यापीठाचं. हापूसला साका होतो, फळ वरून छान आणि आतला गर खराब. रत्नाला तो होत नाही. रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून सिंधू काढला, त्याची कोय अगदी पातळ. हे ऐकताना मागे बसलेले एक काका पहिल्यांदा मोबाइल खाली ठेवून बघायला लागले.

मग छत्र्या उघडून रोपवाटिकेत. पावसाळी हवेत कोय कलमं बांधायचं काम जोरात असतं. रुजलेल्या कोयीचं रोप पंधरवड्याचं, पानं अजून तांबूस, देठ इतका कोवळा की नख लागलं तरी चिरतो. रोप कोयीच्या थोडं वर छाटायचं, मधोमध खाली चीर द्यायची, कलमकाडीचं, म्हणजे चांगल्या झाडावरून आणलेल्या काडीचं, टोक दोन्ही बाजूंनी तासून पाचरीसारखं करायचं, त्या चिरेत बसवायचं आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट गुंडाळायचं. तिथल्या मावशी बोलता बोलता एकामागून एक कलमं बांधत होत्या. त्यांनी एका मुलाच्या हातात चाकू दिला. त्याची पाचर एका बाजूला जाड झाली. मावशींनी ती न बोलता काढून टाकली आणि दुसरी काडी पुढे केली. दुसरी बसली. "ताई, हे जगेल ना?" असं त्याने मला दोनदा विचारलं. तीनेक आठवड्यांत काडीवरचा डोळा फुटला तर जगलं, म्हटलं. सभागृहात त्याने तोंड उघडलं नव्हतं. आता तो मावशींनाच विचारत होता, काडी कुठल्या झाडाची घ्यायची, किती जुनी घ्यायची.

भाताच्या खाचरावर फार वेळ गेला नाही, पावसाने झोडपून काढलं. दापोलीत वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, हा आकडा सांगायची गरजच उरली नाही.

प्रयोगशाळेत मी माझी कीटकपेटी दाखवली. प्रत्येकाला कीटक गोळा करून, टाचून, नावानिशी लावावे लागतात. भुंगेऱ्याला टाचणी उजव्या पंखावरून टोचायची, फुलपाखराला छातीच्या मधोमध, आणि खाली चिठ्ठीवर ठिकाण, तारीख, पीक. मुली आधी मागे सरकल्या, मग भिंगातून बघायला त्यांच्यातच चढाओढ लागली.

यानंतर आम्ही मुलांना आणि पालकांना वेगळं केलं. मी आग्रह धरला होता तो याच गोष्टीसाठी. आईवडील शेजारी असले की मुलं हॉस्टेलचं खरं विचारत नाहीत. पालकांचे प्रश्न ठरलेले: मेसचं जेवण, मुलींच्या हॉस्टेलच्या वेळा, खेड स्टेशनवरून एसटी कधी, एमपीएससी आणि बँकेच्या परीक्षांचं काय. मुलांचे प्रश्न वेगळेच निघाले. इंग्रजी जमलं नाही तर? शेती नसलेल्या घरातली मुलं टिकतात का? शेवटच्या वर्षी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून गावात मुक्काम असतो, त्याचं मी सांगितलं. तिथे आम्ही कृषिकन्या आणि मुलगे कृषिदूत; शेतकऱ्याच्या बांधावर बीजप्रक्रिया करून दाखवायची, देवळासमोर रांगोळीने अख्ख्या गावाचा नकाशा काढायचा. आमच्या गटात मुंबईच्या चाळीतली एक मुलगी होती. तिने काढलेल्या नकाशात विहिरी सगळ्यांत अचूक होत्या, कारण तिने प्रत्येक विहीर जाऊन बघितली होती.

सांगोल्याकडची एक मुलगी वडिलांबरोबर आली होती. घरची डाळिंबाची बाग. वडिलांनी तांबडी माती चिमटीत घेऊन चोळली आणि विचारलं, "पोरी, आमच्या डाळिंबाचं हितं काय शिकवत्यात?" मी खरं ते सांगितलं. पदवीत फळपिकं सगळीच शिकवतात, पण इथलं संशोधन आंबा, काजू, नारळ, कोकम, भात यांचं. डाळिंबाची भगवा ही जात राहुरीच्या विद्यापीठातून आली, आणि डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र तर तुमच्या सोलापुरातच आहे. माझ्याबरोबरच्या एकाने मला कोपराने ढोसलं, आपण दापोलीचं सांगायला उभे आहोत ना! पण चार वर्षं तिला काढायची होती.

पसंतीक्रम भरायच्या दिवशी तिचा फोन आला. राहुरी वर, दापोली त्याखाली. बरोबर केलंस, म्हटलं. मग प्रवेशाच्या कागदपत्रांतल्या सातबाऱ्यावर आलो. जमीन अजून आजोबांच्या नावावर होती आणि तलाठी भेटत नव्हते, तर दाखला वेळेत कसा मिळवायचा, हे आम्ही बराच वेळ बोलत बसलो.