खोका शाबूत, गिटार मोडलेली: माझा अनुभव

दोन वर्षांपूर्वी मी माझी इलेक्ट्रिक गिटार विकली. हार्ड केसमध्ये ठेवली, केस खोक्यात घातली, खोक्यावर चारही बाजूंनी ‘नाजूक वस्तू’ लिहिलं आणि निर्धास्त झाले. चौथ्या दिवशी घेणाऱ्याचा फोटो आला. खोक्याला पोचा नाही, केसवर ओरखडा नाही, आणि आत हेडस्टॉक, म्हणजे खुंट्यांचं वरचं टोक, नटच्या (तारा जिच्यावरून खुंट्यांकडे जातात त्या छोट्या पट्टीच्या) मागून मोडून तारांना लोंबकळत होतं. पोटात गोळाच आला. पैसे परत केले आणि गिटार परत मागवून घेतली.

जोडून देणाऱ्या कारागिराने मोड उजेडात धरून दाखवली. “मार लागलेला नाही हिला, झटका लागलाय,” तो म्हणाला. हेडस्टॉक मागे झुकलेलं असतं, काही गिटारमध्ये तर 17 अंशांपर्यंत. सबंध नेक, म्हणजे गिटारचा दांडा, महोगनीच्या एकाच तुकड्यातून कापली, तर त्या वळणावर लाकडाचे रेषे तुटके पडतात. ट्रस रॉड, म्हणजे तारांच्या ताणाविरुद्ध नेक सरळ ठेवणारी आतली धातूची सळी, जिने आवळतात त्या चाकीसाठी पोकळी कोरलेली असते तीही बऱ्याच गिटारमध्ये नेमकी तिथेच. खोका पाठीवर पडला की बॉडी जागच्या जागी थांबते, पण सहा खुंट्यांचं वजन घेतलेलं हेडस्टॉक मागे जात राहतं. वर तारांचा ताण आहेच. फेंडर स्ट्रॅटोकास्टरसारख्या सरळ हेडस्टॉकच्या गिटारला हा धोका बराच कमी.

यंदा परदेशात शिकणाऱ्या भाच्याला त्याची अकूस्टिक पाठवायची होती. या वेळी मी पूर्ण दोन दिवस त्यालाच दिले.

आधी तारा सैल केल्या. 12 च्या लाइट तारा (सर्वांत बारीक तार 0.012 इंचाची) सुरात असल्या की सहा तारांचा मिळून ताण 70 किलोंच्या आसपास जातो. तारा पूर्ण काढाव्यात का, यावर गिटारवाल्यांचं एकमत नाही. मी काढत नाही, कारण मग ट्रस रॉड नेकला एकटाच मागे ओढत राहतो. प्रत्येक खुंटी दोन-तीन फेरे सैल केली आणि तारा व फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) यांच्यामध्ये पातळ पुठ्ठा सरकवला. बॉडीच्या बुडाचं पट्ट्याचं बटण काढलं. खोका उभा आपटला तर तेच बटण खिळ्यासारखं आत घुसून लाकूड चिरतं. केपो (नेकवर लावायचा चिमटा), पट्टा, जादा तारा, सगळं केसबाहेर.

मग हेडस्टॉक. बहुतेक केसमध्ये नेकला आधार असतो, पण हेडस्टॉकच्या खाली नुसती पोकळी. तिथे जुन्या सुती ओढणीची घडी घातली. घडी जाड झाली तर नेक वर उचलली जाते, पातळ राहिली तर उपयोग नाही. तीनदा काढून पुन्हा घातली. हेडस्टॉकच्या वर आणि दोन्ही बाजूंनाही तसंच. केस बंद करून छातीशी धरली, कान लावला आणि हलवली. टक्. अगदी बारीक, पण होता आवाज. बॉडीच्या कमरेपाशी बोटभर फट राहिली होती. तिथे कापड दाबलं, पुन्हा हलवली. आता आवाज नाही.

बबल रॅप थेट गिटारला लावू नका, विशेषतः नायट्रोसेल्युलोज लॅकरचा जुन्या पद्धतीचा चकचकीत थर असलेल्या गिटारला. प्लॅस्टिकची त्या थराशी प्रक्रिया होऊन फोडांचे ठसे उमटतात. मध्ये सुती कापड हवंच.

केस आणि खोका यांच्यामध्ये सगळीकडून किमान 5 सेंटीमीटर चुरगळलेला कागद, दोन्ही टोकांना त्याहून जास्त. मोठ्या खोक्याचं भाडं जास्त पडतं. कुरिअरवाले बहुधा लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून 5000 ने भागतात आणि येणारा आकडा खऱ्या वजनाहून जास्त असेल तर तेच किलोतलं वजन धरतात. 120 × 50 × 25 चा माझा खोका काट्यावर 9 किलो भरला आणि कागदावर 30. खोका लहान करायचा मोह झाला, पण मोडलेलं हेडस्टॉक डोळ्यांसमोर होतं.

गिटारमध्ये वापरलेल्या रोजवूड या लाकडाचीही चौकशी केली, कारण ते परदेशी पाठवण्यावर बंधनं असतात. 2 जानेवारी 2017 पासून डाल्बर्जियाच्या, म्हणजे रोजवूड देणाऱ्या झाडांच्या, सगळ्या जाती साइट्सच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या) नियमांत आल्या. 26 नोव्हेंबर 2019 पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. ब्राझिलियन रोजवूड मात्र 1992 पासून परिशिष्ट 1 मध्ये, म्हणजे सर्वांत कडक यादीत आहे आणि त्याला ही सूट नाही. या गिटारचा फिंगरबोर्ड (नेकवरची बोटं दाबायची पट्टी) भारतीय रोजवूडचा, म्हणून जीव भांड्यात पडला.

विमा उतरवण्याआधी वाद्यांना भरपाई लागू आहे का, हे लेखी विचारून घेतलं. सीरियल नंबरपासून शेवटच्या चिकटपट्टीपर्यंत प्रत्येक टप्प्याचा फोटो काढला. खोका सोमवारी पाठवला, म्हणजे निदान सुरुवातीलाच शनिवार-रविवार गोदामात पडून राहायला नको.

खोका पोचला तेव्हा तिकडे कडाक्याची थंडी होती. भाच्याचा फोन आला, “मावशी, उघडू?” मी म्हटलं, “हात लावू नकोस. घरात 24 तास तसाच राहू दे.” गारठलेली गिटार एकदम उबेत काढली की लॅकरला केसांसारखे तडे जातात. बिचारा दिवसभर खोक्याशेजारी बसून होता.

दुसऱ्या दिवशी त्याने व्हिडिओ कॉल लावला, ओढणी बाजूला केली आणि काही न बोलता गिटार उलटी करून नटच्या मागची जागा कॅमेऱ्याजवळ आणली. लाकूड अखंड होतं. मग तो एकेक तार सुरात लावत गेला, आणि सहावी लागेपर्यंत मी फोन ठेवला नाही.